मेंदूतील ॲन्युरिझमच्या उपचारानंतर पडलेली पापणी आणि वळलेला डोळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका नेत्ररुग्णालयाच्या तिरळेपणा विभागात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. मेंदूतील ॲन्युरिझमवर, म्हणजे रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर, उपचार झालेले रुग्ण आमच्याकडे पोहोचतात तेव्हा जिवावरचे संकट टळलेले असते, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनच्या फिल्म्स पिशवीत असतात, आणि घरच्यांच्या मनात एकच प्रश्न उरलेला असतो: डोळ्याचे काय? त्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. ॲन्युरिझममुळे सर्वाधिक वेळा बाधित होणारा डोळ्याचा मज्जातंतू म्हणजे ‘तिसरा मज्जातंतू’, त्यामुळे बहुतेक विवेचन त्याच्याविषयी आहे. प्रत्येक रुग्णाची परिस्थिती वेगळी असते. ही माहिती तुमच्या न्यूरोसर्जनच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

डॉक्टर आधी म्हणाले ‘मेंदूतली नस फुगली आहे’ आणि नंतर म्हणाले ‘डोळ्याची नस दबली आहे’. ही एकच नस आहे का?

नाही, आणि हा गोंधळ आपल्या भाषेमुळे होतो. रक्त वाहून नेणाऱ्या नळीलाही आपण ‘नस’ म्हणतो आणि मेंदूचा संदेश पोहोचवणाऱ्या तंतूलाही ‘नस’च म्हणतो. फुगली ती रक्तवाहिनी, म्हणजे धमनी. तिच्या भिंतीचा एखादा भाग कमकुवत होऊन तेथे फुग्यासारखी पिशवी तयार होते, तिला ॲन्युरिझम म्हणतात. दबला तो मज्जातंतू, जो मेंदूकडून डोळ्याच्या स्नायूंना हुकूम पोहोचवतो. गळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीपासून मागच्या बाजूला एक बारीक फांदी निघते. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख ‘पोस्टेरियर कम्युनिकेटिंग’ किंवा थोडक्यात ‘पीकॉम’ असा असतो. तिसरा मज्जातंतू मेंदूच्या तळाशी या फांदीला जवळजवळ लागूनच पुढे जातो, त्यामुळे तिच्या मुळाशी फुगा आला की पहिला दाब याच तंतूवर पडतो.

हा फरक समजून घेण्याचा आग्रह मी यासाठी धरते की, ‘नसेचे ऑपरेशन झाले’ असे ऐकल्यावर घरच्यांना डोळ्याचीच नस दुरुस्त झाली असे वाटते. ऑपरेशन धमनीचे झालेले असते. मज्जातंतूवरचा दाब त्याने दूर होतो. पुढचे भरून येणे मात्र त्या तंतूने स्वतःच करायचे असते.

एका मज्जातंतूमुळे पापणी, डोळा आणि बाहुली हे सगळेच कसे बिघडते?

डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात. त्यांपैकी चार स्नायू तिसऱ्या मज्जातंतूवर चालतात, वरची पापणी उचलणारा मुख्य स्नायूही त्याच्यावरच चालतो, आणि बाहुली लहान करणारे व जवळचे पाहताना भिंगाची जुळणी करणारे तंतूही त्याच्याच सोबत जातात. तो पूर्णपणे बंद पडला की पापणी खाली येऊन डोळा झाकला जातो. बोटाने ती उचलून पाहिले तर डोळा बाहेर आणि किंचित खाली वळलेला दिसतो, कारण उरलेल्या दोन स्नायूंना विरोध करणारे कोणी राहत नाही, आणि बाहुली मोठी होऊन प्रकाशालाही आकसत नाही. नजर, म्हणजे अक्षर ओळखण्याची क्षमता, यात सहसा जात नाही. पापणी उचलून तक्ता वाचायला लावला की अनेकजण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि ‘डोळा गेला नाही’ हे त्याच क्षणी त्यांना पहिल्यांदा पटते.

मधुमेहामुळेही पापणी पडते असे ऐकले आहे. मग आम्हाला इतक्या घाईने अँजिओग्राफी का करायला लावली?

तुम्हाला घाई केली, हे योग्यच झाले. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांत मज्जातंतूच्या आत जाणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात, त्याची झळ तंतूच्या गाभ्याला लागते, आणि बाहुलीचे तंतू बाहेरच्या थरात असल्यामुळे ते बहुधा वाचतात. बाहेरून फुग्याचा दाब येतो तेव्हा हेच बाहेरचे तंतू आधी चेपले जातात. म्हणून पडलेल्या पापणीसोबत बाहुली मोठी झालेली असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ॲन्युरिझम आहे असे धरूनच चालायचे, असा वैद्यकशास्त्राचा जुना नियम आहे.

या नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बाहुली ठीक आहे पण पापणी अर्धवटच पडलेली आहे, अशा स्थितीत ॲन्युरिझम नाही असे म्हणता येत नाही. काहींमध्ये सुरुवातीला बाहुली वाचलेली असते आणि काही दिवसांत तीही मोठी होते. डोळ्याभोवतीचे दुखणे दोन्ही प्रकारांत असू शकते, त्यामुळे त्यावरून निर्णय होत नाही. ‘शुगर आहे, आपोआप बरे होईल’ असे ऐकून घरी थांबलेल्यांपैकी काहींचा फुगा त्या काळात फुटतो. अचानक पडलेल्या पापणीची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.

फुगा बंद झाला, मग डोळा लगेच का उघडत नाही?

मज्जातंतू नुसता दाबला गेला होता की त्याच्या आतले धागे तुटले होते, यावर हे अवलंबून असते. दाब थोड्या दिवसांचा असेल तर तंतूभोवतीच्या आवरणाला इजा होते आणि संदेश अडतो. हे आवरण पुन्हा तयार होते आणि काही आठवड्यांत सुधारणा दिसते. दाब जास्त किंवा दीर्घकाळ राहिला असेल, तर आतले धागेच तुटतात आणि त्यांना मुळाकडून नव्याने वाढत स्नायूपर्यंत यावे लागते. मज्जातंतूची वाढ साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने होते, आणि मेंदूच्या तळापासून डोळ्याच्या खोबणीपर्यंतचे अंतर काही सेंटिमीटर आहे, यावरून महिने का लागतात याचा अंदाज येईल. शिवाय फुगा प्रत्येक ठोक्याबरोबर धडधडत असतो, त्यामुळे तंतूला दाबासोबत सतत धक्केही बसलेले असतात. फुगा फुटून रक्तस्राव झाला असेल तर साचलेल्या रक्ताचा त्रास वेगळा.

क्लिपिंगने डोळा लवकर बरा होतो की कॉइलिंगने?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते, आणि बऱ्याचदा मनात अपराधीपणा ठेवून विचारते: आम्ही चुकीचा उपचार तर निवडला नाही ना?

क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेवर धातूची चिमटी बसवतात. ॲन्युरिझमच्या मानेवर अशी क्लिप बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी मार्च 1937 मध्ये केली. क्लिप चांदीची होती, आणि त्या रुग्णाची तक्रारही तिसऱ्या मज्जातंतूचीच होती. म्हणजे या शस्त्रक्रियेचा इतिहासच पडलेल्या पापणीपासून सुरू होतो. कॉइलिंगमध्ये जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवून फुग्याच्या आत प्लॅटिनमच्या मऊ तारांची गुंडाळी भरतात. इटालियन डॉक्टर ग्विदो गुग्लिएल्मी यांनी सुट्या होणाऱ्या अशा कॉइल्स लॉस एंजेलिसमध्ये 1990 मध्ये रुग्णावर प्रथम वापरल्या.

क्लिप बसल्यावर फुग्यातला रक्तप्रवाह थांबतो आणि गरजेप्रमाणे शल्यविशारद तो रिकामाही करू शकतात, त्यामुळे मज्जातंतूवरचा भार तिथल्या तिथे कमी होतो. कॉइल भरल्यावर धडधड थांबते, पण फुगा जागेवरच असतो. त्यात रक्त गोठते आणि तो पुढच्या काही महिन्यांत आकसतो. आजवर प्रसिद्ध झालेल्या अनेक रुग्णमालिका एकत्र करून पाहिल्या असता तिसरा मज्जातंतू पूर्ण बरा होण्याचे प्रमाण क्लिपिंगनंतर जास्त आढळते. मात्र ही तुलना जुन्या नोंदींवरून केलेली आहे, आणि कॉइलिंग बहुतेक वेळा वयस्कर किंवा जास्त आजारी रुग्णांमध्ये निवडले जाते, हे त्या आकड्यांत मिसळलेले असते. कॉइलिंगनंतर पूर्ण बरे झालेले डोळे मी स्वतः मोजले आहेत.

उपचार निवडताना पहिला विचार जिवाचा असतो. फुग्याची जागा, मानेची रुंदी, रुग्णाचे वय, रक्तस्राव झाला होता की नाही, आणि त्या रुग्णालयातील चमूचा हात कशावर बसलेला आहे, हे पाहून निर्णय होतो. डोळा हा त्यातील एक मुद्दा आहे, एकमेव नाही. निर्णय झालेला असेल तर त्यावर मागे वळून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही.

उपचारानंतर पापणी आधीपेक्षा जास्त पडली. काही चुकले का?

तसे असेलच असे नाही. कॉइल भरल्यानंतर फुग्यात रक्त गोठताना तो थोडा सुजतो आणि काही दिवस दाब वाढल्यासारखे होते. क्लिपिंगमध्ये मज्जातंतूच्या अगदी जवळ काम करावे लागत असल्याने त्याला हलका धक्का लागू शकतो. दोन्ही प्रकारची बिघाडाची अवस्था बहुधा तात्पुरती असते आणि काही वेळा डॉक्टर त्यासाठी अल्पकाळ स्टेरॉइड देतात. परंतु ती तात्पुरती आहे हे घरी बसून ठरवायचे नाही; ज्यांनी उपचार केला त्यांना लगेच कळवावे.

डोळा बरा व्हायला किती दिवस लागतात, आणि आधी काय सुधारते?

बहुतेकांमध्ये पहिली हालचाल काही आठवड्यांत दिसते, सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत होतो, आणि हळूहळू होणारा फरक एक वर्षापर्यंत, क्वचित त्यानंतरही, चालू राहतो. तीन महिन्यांत काहीच झाले नाही म्हणून आशा सोडणे जितके घाईचे, तितकेच पंधरा दिवसांत पापणी थोडी उचलली म्हणून ‘महिन्याभरात सगळे नीट’ असे समजणेही घाईचे आहे.

साधारण क्रम असा असतो: आधी पापणी आपोआप वर येऊ लागते. मग डोळा नाकाकडे वळू लागतो. वर पाहण्याची हालचाल उशिरा येते, आणि बाहुली सर्वांत मागे राहते. काहींची ती कायमची थोडी मोठीच राहते. पहिला बदल इतका बारीक असतो की घरच्यांच्या नजरेतून सुटतो. पापणीच्या कडेखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागाची एक बारीक रेघ दिसू लागते, किंवा डोळा मिटून उघडायला सांगितल्यावर पापणीच्या घडीजवळ किंचित थरथर जाणवते. म्हणून मी सांगते की, आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, मोबाइलवर फोटो काढावा: समोर पाहताना, दोन्ही बाजूंना पाहताना, वर आणि खाली पाहताना. रोज आरशात पाहून फरक कळत नाही. चार आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका आजींनी स्वतःची वेगळीच मोजणी काढली होती. पापणी उघडल्यावर त्यांना देवघरातल्या समईच्या एका ज्योतीच्या जागी दोन ज्योती दिसत. रोज संध्याकाळी त्याच पाटावर बसून, मान सरळ ठेवून, त्या दोन ज्योतींमधले अंतर बघत आणि वहीत लिहीत: ‘एक वीत’, मग ‘चार बोटे’, मग ‘दोन बोटे’. आमच्या प्रिझमच्या (डोळ्यांच्या दिशांतील फरक मोजायच्या काचेच्या) मोजमापांशी त्यांची वही ताडून पाहिली तेव्हा उतरता क्रम तंतोतंत जुळत होता. साधन कोणतेही असो, जागा आणि मानेची स्थिती तीच ठेवली तर अशी नोंद डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडते.

पापणी उघडली, पण आता एकाच्या जागी दोन दिसतात. हे बिघडल्याचे लक्षण आहे का?

उलट, बहुतेक वेळा हे सुधारणेचे लक्षण असते. पापणी पूर्ण पडलेली होती तोवर तो डोळा झाकलेला होता आणि मेंदूला एकच चित्र मिळत होते. पापणी उचलली, पण डोळा अजून सरळ झालेला नाही, म्हणून दोन चित्रे मिळतात. हा टप्पा रुग्णांना सर्वांत जास्त हैराण करतो: चहा कपाऐवजी बशीत ओतला जातो, जिन्याची पायरी नक्की कोणती हे कळत नाही, मळमळते, मान तिरकी ठेवण्याची सवय लागते. ‘आधीच बरे होते’ असे म्हणणारे रुग्णही भेटतात. त्यांना मी हेच सांगते की, पापणीने आपले काम सुरू केले आहे आणि बाकीचे स्नायू मागून येत आहेत.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. एक डोळा झाकल्यावर दोन दिसणे थांबत असेल, तर ते दोन डोळ्यांच्या दिशांतील फरकामुळे आहे. एकच डोळा उघडा ठेवूनही दोन दिसत असतील, तर कारण वेगळे असते. बहुधा मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर किंवा कोरडेपणा.

पट्टी कोणत्या डोळ्यावर लावायची? तिने डोळा ‘आळशी’ होईल का?

प्रौढ व्यक्तीचा डोळा पट्टीमुळे आळशी होत नाही. ती भीती लहान मुलांपुरती आहे. पट्टीमुळे बरे होणे लवकरही होत नाही आणि लांबतही नाही. ती फक्त दोन दिसण्याच्या त्रासापासून सुटका देते. शक्यतो बाधित डोळ्यावर लावावी, कारण त्या डोळ्याने पाहून वस्तू उचलायला गेले तर हात चुकीच्या जागी जातो. डोळ्यावर थेट चिकटवण्याऐवजी चष्म्याच्या एका काचेवर धूसर चिकटपट्टी लावली तर चेहऱ्यावर पट्टी दिसत नाही आणि कातडीही दुखत नाही. फरक थोडा उरला की चष्म्यावर चिकटवायचे पातळ प्लॅस्टिकचे प्रिझम देता येते, ते दोन चित्रे एकावर एक आणते. मोजमाप बदलले की तेही बदलावे लागते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत काचेतच घडवलेले महागडे प्रिझम करून घेऊ नये.

बाहुली मोठीच आहे आणि उजेड सहन होत नाही.

बाहेर जाताना गॉगल किंवा रंगीत काचेचा चष्मा आणि टोपी वापरावी. जवळचे धूसर दिसत असेल तर त्या डोळ्यासाठी वेगळा वाचनाचा नंबर द्यावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, कारण त्यांना वाचनाचा चष्मा आधीच असतो.

याहून महत्त्वाची सूचना अशी की, ‘या डोळ्याची बाहुली जुन्या कारणामुळे मोठी आहे’ असे कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि घरच्यांनाही सांगून ठेवावे. पुढे कधी अपघात झाला किंवा भूल द्यावी लागली, तर बेशुद्ध रुग्णाची एक बाहुली मोठी पाहून मेंदूवर दाब आल्याची शंका घेतली जाते. ती नोंद त्या वेळी फार मोलाची ठरते.

डोळ्यांचे व्यायाम, बी-बाराची इंजेक्शने किंवा डोळ्यात तूप घालणे यांचा उपयोग होतो का?

व्यायामाने मज्जातंतू वेगाने वाढत नाही. थोडी हालचाल आल्यानंतर दोन्ही डोळे एकत्र वापरण्याचा सराव काहींना उपयोगी पडतो, पण तो मोजमाप करून दिलेला असावा. मिथिलकोबालामिनच्या, म्हणजे बी-बाराच्याच, गोळ्या आणि इंजेक्शने सर्रास लिहून दिली जातात. रक्तात बी-बारा कमी असेल, आणि शाकाहारी घरांत ते अनेकदा कमी असते, तर ती कमतरता भरून काढणे आवश्यकच आहे. पातळी योग्य असताना या इंजेक्शनांनी तिसरा मज्जातंतू लवकर बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. तूप, मध, गुलाबपाणी किंवा कोणताही घरगुती पदार्थ डोळ्यात घालू नये. डोळा वर वळत नसल्यामुळे कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, झोपेत उघडा राहू शकतो, आणि तेथे जंतुसंसर्ग झाला तर जी नजर वाचली होती तीच धोक्यात येते. पापणी चिकटपट्टीने वर बांधून ठेवायची असेल तर ती थोडा वेळच, डॉक्टरांनी दिलेल्या वंगण-थेंबांसोबत. झोपताना मुळीच नाही.

पूर्ण बरे होण्याची शक्यता कोणाची जास्त असते?

उपचाराआधी पापणी आणि हालचाल अर्धवटच गेलेली होती, आणि लक्षणे दिसल्यापासून थोड्याच दिवसांत उपचार झाला, अशांची शक्यता सर्वांत चांगली असते. हे दोन मुद्दे बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहेत. वय, मधुमेह आणि फुग्याचा आकार यांचाही परिणाम होतो. मात्र डोळा पूर्ण बंद असलेला आणि उशिरा आलेला रुग्णही चांगला सुधारलेला मी पाहिला आहे, त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘होणार’ किंवा ‘होणार नाही’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर ते जपून ऐकावे.

खाली पाहताना किंवा नाकाकडे पाहताना पापणी आपोआप वर जाते. हे काय आहे?

तुटलेले धागे पुन्हा वाढताना प्रत्येक धागा आपल्या जुन्याच स्नायूपर्यंत पोहोचेल असे नसते. खाली पाहण्याच्या स्नायूसाठी निघालेला धागा पापणीच्या स्नायूला जाऊन जोडला गेला, की पोथी वाचायला नजर खाली नेताच पापणी वर उचलली जाते. काहींची बाहुली डोळा नाकाकडे वळवताना लहान होते. दाबामुळे झालेल्या इजेनंतर हे बऱ्याचदा आढळते. मधुमेहाने झालेल्या इजेत ते सहसा होत नाही, इतके की मधुमेहाचे निदान झालेल्या रुग्णात हे दिसले तर निदान पुन्हा तपासावे लागते. यात धोका नाही, पण ही चुकीची जोडणी औषधाने सुटत नाही. काही वेळा तिरळेपणाची शस्त्रक्रिया करताना तिचा कौशल्याने उपयोगही करून घेता येतो.

तिरळेपणाची किंवा पापणीची शस्त्रक्रिया कधी करावी?

मोजमापे सलग काही महिने स्थिर राहिल्याशिवाय करू नये. म्हणजे आजार सुरू झाल्यापासून बहुधा सहा ते बारा महिन्यांनी. घाई केली आणि नंतर मज्जातंतू आणखी सुधारला, तर डोळा उलट्या बाजूला वळतो. वाट पाहण्याच्या काळात बाहेरच्या बाजूचा स्नायू आखडू नये म्हणून काही वेळा त्यात बोट्युलिनम टॉक्सिनचे, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन देतात.

क्रम ठरलेला आहे: आधी डोळा सरळ करायचा, मग पापणी. पापणी आधी उचलली तर दोन दिसण्याचा त्रास उघडा पडतो. पापणी कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने टांगतात, पण ती थोडी कमीच उचलतात, कारण डोळा वर वळत नसल्याने कॉर्निया उघडा पडण्याची भीती असते. मज्जातंतू पूर्ण गेलेला असेल तर एकापेक्षा अधिक शस्त्रक्रिया लागू शकतात, आणि त्यांचे उद्दिष्ट समोर पाहताना व वाचताना एक दिसावे आणि चेहरा सरळ दिसावा इतकेच असते. सगळ्या दिशांना पूर्वीसारखी हालचाल परत मिळत नाही. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी नीट समजून घेतली नाही, तर चांगला निकाल लागूनही निराशा होते. ही शस्त्रक्रिया डोळ्याबाहेरच्या स्नायूंवर होते, मेंदूतल्या क्लिपला किंवा कॉइलला तिचा स्पर्शही होत नाही.

स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर (फुग्याजवळ धमनीत बसवायची जाळीदार नळी) बसवलेला असल्यास रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून त्या स्वतःहून कधीही बंद करू नयेत. बंद करायच्या की नाहीत, हे फक्त न्यूरोसर्जन किंवा ज्यांनी स्टेंट बसवला त्यांनीच सांगावे.

आमच्या रुग्णाची पापणी ठीक आहे, पण डोळा बाहेरच्या बाजूला जात नाही.

तो सहावा मज्जातंतू आहे. रक्तस्रावानंतर मेंदूत पाणी साठून दाब वाढला की तो बाधित होतो, आणि दाब कमी केल्यावर बहुतेक वेळा सुधारतो. दोन न दिसता नुसतेच धूसर किंवा लालसर-काळे दिसत असेल तर ते आणखी वेगळे: मोठ्या रक्तस्रावानंतर डोळ्याच्या आतही रक्त उतरू शकते. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी लागते. मात्र मेंदूच्या देखरेखीसाठी बाहुली पाहिली जात असताना हे थेंब न्यूरोसर्जनना विचारल्याशिवाय घालू नयेत.

गाडी कधी चालवता येईल? स्वयंपाकघरात काय काळजी घ्यावी?

दोन दिसत असताना दुचाकीसुद्धा चालवू नये. एक डोळा झाकून पाहताना अंतराचा अंदाज कमी होतो, त्यामुळे तेव्हाही परवानगी घेतल्याशिवाय नको. स्वयंपाकघरात उकळते भांडे दुसऱ्याने उतरवावे, विळीऐवजी सुरी वापरावी, आणि ओतताना भांड्याची कड कपाच्या कडेला टेकवूनच ओतावे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवली तर उतरताना फार मदत होते.

एमआरआय करता येतो का?

हल्ली बसवल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या क्लिप आणि प्लॅटिनमच्या कॉइल्स असताना ठरावीक अटी पाळून एमआरआय करता येतो. खूप जुनी क्लिप असेल तर आधी तिचा प्रकार शोधावा लागतो. इम्प्लांट कार्ड (बसवलेल्या क्लिप किंवा कॉइलची माहिती असलेले कार्ड) जपून ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

कोणत्या लक्षणांवर लगेच रुग्णालयात जावे?

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, शुद्ध हरपणे, बोलणे अडखळणे, हातापायाची शक्ती जाणे, आकडी येणे: यांपैकी काहीही झाले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यापुरते सांगायचे तर, सुधारत असलेली पापणी पुन्हा पडू लागली, बाहुली नव्याने मोठी झाली किंवा दुसरा डोळा बाधित झाला, तर फुग्यात पुन्हा रक्त जात आहे का हे त्याच दिवशी पाहावे लागते. कॉइल्स काळानुसार दबून बसतात आणि मानेपाशी पुन्हा जागा होऊ शकते, म्हणूनच सांगितलेली अँजिओग्राफी डोळा बरा वाटत असला तरी चुकवू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

घरातल्या इतरांची तपासणी करावी का?

आईवडील, भावंडे, मुले अशा जवळच्या नात्यांत दोन किंवा अधिक जणांना ॲन्युरिझम असेल, तर बाकीच्यांनी तपासणीबाबत न्यूरोसर्जनशी बोलावे. एकालाच असेल तर सरसकट सर्वांचे स्कॅन सहसा सांगितले जात नाही. धूम्रपान बंद करणे आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे मात्र सर्वांनाच लागू आहे.

पुढच्या तपासणीला येताना काय आणावे?

डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, चालू औषधांची यादी, सध्याचा चष्मा, आठवड्याचे फोटो, आणि शक्य असेल तर आजारपणाच्या आधीचा एखादा चेहऱ्याचा स्पष्ट फोटो. आधार कार्डावरचा फोटो बहुतेक वेळा इतका लहान आणि पुसट असतो की बाहुली किंवा पापणी आधी कशी होती ते त्यावरून कळत नाही. लग्नाच्या किंवा बारशाच्या अल्बममधला फोटो जास्त उपयोगी पडतो. खर्चाची अडचण असेल, तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे, तुम्हाला सांगितलेला उपचार योजनेच्या यादीत आहे का, हे भरती होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.